शेवगा कुटुंब आणि मी

ताई, आपण दोघीही चुकलो! आधी हे सांगून टाकते, बाकीचं मागून. सात वर्षं ज्या मुद्द्यावर आपण कडाकडा भांडलो, त्यात ना तुम्ही बरोबर निघालात, ना मी. शुक्रवारी संध्याकाळी रिछाईहून परत येताना मी स्कूटीवर एकटीच मोठ्याने हसत होते. सिग्नलला शेजारच्या ऑटोवाल्याने विचारलंसुद्धा, "दीदी, सब ठीक?" ठीक काय, कधी एकदा तुम्हाला सांगते असं मला झालं होतं. गाडी सवयीने तुमच्या गल्लीत वळली. फाटकाशी उतरले, कडी वाजवायला हात वर केला आणि कुलूप दिसलं. तुम्हाला जाऊन तेव्हा बावीस दिवस झाले होते.

म्हणून हे कागदावर सांगतेय. पोटात मावत नाहीये.

तुमच्या शोकसभेत तुमच्या पदव्या वाचून झाल्या, किती जणांनी तुमच्या हाताखाली पीएचडी केली ते सांगून झालं, समाजकार्य विभागाच्या भिंतीवर तुमचा फोटो लागणार असंही ठरलं. फोटोत तुम्ही इतक्या गंभीर आहात की मला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि शेजारच्या बाईंनी घाबरून मला पाण्याची बाटली दिली. तुमच्या संशोधनावर तिघे बोलले. पण तुम्ही लोकांच्या घरी नळ यायच्या वेळेला जायचात, हे एकानेही सांगितलं नाही.

त्यांना ठाऊकच नसेल. मला ठाऊक आहे, कारण स्कूटी माझी होती. सिविल लाइंसमधल्या परिवार परामर्श केंद्रात मी समुपदेशक आणि तुम्ही तिथे अभ्यासाला आलेल्या. भांडणारी घरं आमच्याकडे यायची, मी त्यांना बसवून समझौता करून द्यायची, कागदावर सह्या व्हायच्या आणि फाइल बंद. तुमचा प्रश्न एवढाच होता, की फाइल बंद झाल्यावर त्या घरात पुढे होतं काय? इतक्या वर्षांत हे आमच्याकडे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही बारा घरं निवडलीत आणि माझ्या मागे बसून त्यांच्याकडे जायला लागलात.

पहिल्याच वेळी मी म्हटलं, "फोन करून सकाळी अकराला जाऊ, सगळे मोकळे असतात."

"मोकळे असले का पलंगावरची चादर बदलतात," तुम्ही म्हणालात. "मग आपल्याला सोफ्यावर बसवतात अन् पाहुण्यासारखं गोड बोलतात. नळ आला का माणूस खरं बोलते. त्याला बनवून सांगायला वेळच नसते ना!"

आणि खरोखरच तुम्ही पदर खोचून त्या अनोळखी अंगणात पाइप धरून उभ्या राहिलात. मी तोंडात बोट घालून पाहत राहिले. एवढ्या मोठ्या बाई, विद्यापीठात ज्यांच्यासमोर लोक उभे राहतात, त्या इथे विचारताहेत, "हा ड्रम झाला का, पुढचा सरकवा." दहा मिनिटांत त्या घरची सून तुमच्याशी असं बोलायला लागली की मला माझ्याच खोलीतल्या खुर्च्यांची लाज वाटली.

घरं कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून वहीत तुम्ही त्यांना भाज्यांची नावं दिली होतीत. दोडका कुटुंब, मुळा कुटुंब, दुधी कुटुंब. एकदा भाजीबाजारात तुम्ही मला म्हणालात, "दुधी आता बरी आहे, पण मुळ्याची मला लय काळजी वाटून राहिली." भाजीवाल्याने मुळ्याची जुडी दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "अम्मा, एकदम ताज़ा है." आपण दोघी पिशवी तिथेच सोडून हसत सुटलो होतो.

आणि आपलं ते भांडण! वेगळ्या चुलीचं. सासू-सुनेचं अगदीच जमत नसलं की मी समझौत्यात हमखास एक अट घालायची: सून त्याच घरात राहील, पण चूल वेगळी मांडेल. मला वाटायचं, भांडी वेगळी झाली की भांडण अर्धं संपतं. तुम्हाला हे अजिबात मान्य नव्हतं.

"वंदना, तू घर जोडून राहिली का भिंत बांधून राहिली?"

"मग काय रोज मारामारी होऊ देऊ? तुम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा जाता. मला इथं रोज ऐकावं लागते."

"तू ऐकते कुठं? तू लिहिते."

चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुम्ही हे बोललात, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही डब्यात भरली वांगी घेऊन आलात. आपण जेवलो, बोटं चाटली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच भांडण पुन्हा सुरू केलं. इतकं मोकळेपणी मी आयुष्यात कुणाशी भांडले नाही. घरी भांडलं की लोक रुसतात, नोकरीत भांडलं की डूख धरतात. तुमच्याशी भांडून मला भूक लागायची.

आता ऋचाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या लेकीने तुम्हाला बंगळुरूला चला म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात आणि मायलेकींची चांगलीच जुंपली. तेव्हापासून तुमच्या फोनवर "जेवलीस का, हो जेवले" याच्या पुढे गाडी जात नव्हती. मुद्द्याचं जे काही असेल ते माझ्यामार्फत जायचं. ती मला फोन करायची, मी तुम्हाला सांगायची, तुमचा निरोप घेऊन मी पुन्हा तिला फोन करायची. तुमच्या आजारपणातसुद्धा तेच चाललं. आणि ती येऊन पोचली तेव्हा तुमचं बोलणं थांबलेलं होतं.

तिलवाऱ्याला नदीत अस्थी सोडून परत येताना गाडीत तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मावशी, आई मुझसे नाराज़ ही गई ना? एक बार भी नहीं बोली कि आ जा."

"नाही गं, असं काही नाही," मी म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात ती परत गेली आणि तो प्रश्न बरोबर घेऊन गेली. मला तेव्हापासून घास गोड लागेना. घरात बसलं की तिचा चेहरा दिसायचा, म्हणून मी बाहेर पडायचं काम शोधत होते. माझ्याकडे राहिलेल्या तुमच्या वहीत ते होतं. अकरा घरांची शेवटची भेट तुम्ही पुरी केली होतीत, बारावं राहिलं होतं, ते शेवगा कुटुंब. आपण दोघी मिळून जाणार होतो, तेवढ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. शुक्रवारी मी वही पिशवीत टाकली आणि नळाच्या वेळेला रिछाईला पोचले.

ताई, काय सांगू तुम्हाला! अंगणात सासू पाइप धरून उभी, सून ड्रम सरकवतेय आणि दोघी कशावरून तरी खिदळताहेत. तीच सासू, जी केंद्रात बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली होती! सुनेला मी इथे सरिता म्हणते आणि तिच्या नवऱ्याला राजेश, नावं अर्थात वेगळी आहेत. मी गाडी लावतानाच मनात म्हटलं, झालं, चूल एक झाली, ताई जिंकल्या.

"चूल एक केली वाटते?" मी विचारलं.

"नाही, दीदी," सरिता म्हणाली. "वेगळीच आहे. हिकडं माझी, तिकडं आईची."

म्हणजे मी जिंकले! खरं सांगते, छाती फुगली माझी. तुम्ही समोर असतात तर मी तिथेच तुम्हाला कोपर मारलं असतं. "म्हणजे अटीनं भांडण मिटलं तुमचं?"

सासूने पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेत चुकीचं उत्तर दिलंय. "चुलीनं काय मिटते, बाई? भांडण आमचं नव्हतंच ना."

मग ऐका काय झालं ते. तुम्ही अंथरूण धरलंत त्याच सुमाराला सासूला ताप आला. सरिता आपल्या चुलीवरची खिचडी घेऊन गेली आणि म्हणाली, माझ्या हाताला चव नाही म्हणता तुम्ही, पण आज खाऊन घ्या.

"मी म्हटलं, कोण म्हणलं?" सासू हात नाचवत सांगत होती. "मी कधी म्हटलं तुझ्या हाताला चव नाही? मी तर उलटं ऐकून होती, का ही म्हणते बुढी डबे लपवून ठेवते!"

"और मैंने कभी बोला ही नहीं, दीदी! कसम से!"

खिचडी तशीच गार झाली. दोघींनी बसून एकेक वाक्य बाहेर काढलं. हे तू म्हटलं होतं? नाही. ते तुम्ही म्हटलं होतं? नाही. सगळी वाक्यं शेवटी एकाच्याच दारात जाऊन थांबली, आणि तो, राजेश, शुक्रवारी तिथेच पायरीवर बसून लसूण सोलत होता. कान लाल, मान खाली. तुम्ही असतात तर मला डोळ्यांनीच दाबलं असतंत आणि तो आपण होऊन बोलेपर्यंत थांबला असतात. मी फटकन विचारून टाकलं. "काहून केलं असं, भैया?"

"वाईट नव्हतं करायचं, मॅडम," तो म्हणाला. "आई म्हणे तिला सांगून दे. ही म्हणे आईला सांगून द्या. दोघी एकमेकींशी बोलतच नव्हत्या, माझ्याशीच बोलायच्या. सांगता सांगता हिकडचं तिकडं होऊन जाय." मग लसणाकडे पाहतच म्हणाला, "अन् मी मधातून निघालो असतो, तर मले घरात कोणी विचारलं असतं?"

"अब पूछते हैं ना," सरिता म्हणाली, "लहसुन हुआ क्या!" आणि सासूसकट सगळे हसले. तो पण.

तुम्ही म्हणत होतात, वेगळ्या चुलीने भांडण मिटत नाही. मी म्हणत होते, मिटतं. आणि ज्या भांडणाबद्दल आपण दोघी सात वर्षं तावातावाने बोलत होतो, ते त्या दोघींचं कधी नव्हतंच! शनिवारी केंद्र उघडल्या उघडल्या मी शेवग्याची फाइल काढली. पहिल्याच पानावर, माझ्या अक्षरात: "सासूचे म्हणणे असे आहे की सुनेच्या हाताला चव नाही." मला कुणी सांगितलं होतं हे? सासू तर गुडघे दुखतात म्हणून बाहेरच्या बाकावर होती. राजेशने सांगितलं होतं. तो नीट बोलतो, मुद्द्याचं बोलतो, लिहून घ्यायला सोपं. मी लिहिलं, त्या पानावरून मी समझौता केला आणि त्याच पानावरून तुम्ही तुमचे प्रश्न काढलेत.

उरलेल्या अकरा फाइली मी अर्ध्या दिवसात उपसल्या. जेवण राहिलं, शिपाई दोनदा डोकावून गेला. सगळीकडे मधलं कुणी तरी सापडलं. कुठे नवरा, कुठे नणंद, एका घरी तर देवळातले पुजारी! ताई, केवढं मोठं हाती लागलंय हे! त्या अकरा घरी मी परत जाणार आहे, नळाच्या वेळेलाच, आणि प्रत्येकीला वेगळं गाठून विचारणार आहे की बाई, तुझ्या तोंडाने सांग, तुझं भांडण काय होतं? तुमच्या विभागातल्या लोकांना मी सांगून टाकलंय, तुमच्या अभ्यासाचं शेवटचं प्रकरण इतक्यात छापायचं नाही. ते जरा चपापले. तुम्ही टाळी दिली असतीत.

एवढ्या आनंदात मी घरी आले, चहा टाकला आणि ही सगळी हकीकत लिहायला माझी रोजची वही उघडली. माणसाचे शब्द आधी जसेच्या तसे उतरवायचे, अर्थ मागून लावायचा, ही सवय तुम्हीच मला लावलीत. वही चुकून मागच्या पानांवर उघडली. तुमच्या आजारपणातली पानं होती. तुमचं एक वाक्य होतं, तुम्ही उशी सरळ करून घेत म्हणाला होतात ते.

"तिले आज लय पाहावंसं वाटून राहिलं. पण हे नको सांगू, वंदना, सगळं टाकून पळत येईन ती. म्हण, मजेत आहे."

आणि त्याच संध्याकाळी मी ऋचाला फोनवर काय सांगितलं होतं? "आईचं म्हणणं असं आहे की ती मजेत आहे, तू तिकडचं बघ."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले.

ताई, मला तुमचा इतका राग आला! बारा घरांत तुम्ही विचारत फिरलात, की अगं, हे तू तिला सरळ काहून नाही सांगत? आणि स्वतःच्या लेकीला "ये" एवढा एक शब्द सांगायला तुम्हाला मी लागले, आणि तोही तुम्ही मला सांगू दिला नाहीत. फोन तुमच्या उशाशीच होता की! मी मनातल्या मनात तुमच्याशी कचकचून भांडले. तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत, म्हणून मग मीच मला द्यायला लागले. तुम्ही सांगू नको म्हणालात, हे खरं. पण मी तरी एवढी कधीपासून तुमची ऐकायला लागले होते? चुलीच्या अटीवर सात वर्षं ऐकलं नाही. हे मात्र मुकाट्याने ऐकलं, कारण तुमच्या घरात मला जागा होती ती तुमच्या दोघींच्या मधे. ऋचा मला मावशी म्हणते ती तुमच्यामुळे, आणि रोज फोन करायची ती तुमची बातमी हवी म्हणून. तुम्ही दोघी सरळ बोलायला लागला असतात तर माझा फोन कशाला वाजला असता? राजेशला मी तोंड वर करून विचारलं होतं, काहून केलं. त्याने निदान खरं सांगितलं.

शनिवारची सबंध संध्याकाळ मी ठरवत होते, सांगायचं की नाही. सांगितलं तर ऋचा पुन्हा मला मावशी म्हणणार नाही, ही भीती होती. तिच्याशिवाय तुमचं असं माझ्याकडे आता कोण आहे? आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर समजत राहणार, की आई नाराज गेली.

रविवारी सकाळी फोन लावला. नमनाला घडाभर तेल न घालता म्हटलं, "ऋचा, मी तुला आईचा एक निरोप चुकीचा दिला होता. आता वाचून दाखवते. जसा आहे तसा." आणि वाचलं. "तिले आज लय पाहावंसं वाटून राहिलं" पासून "मजेत आहे" पर्यंत.

मला वाटलं फोन कटला.

"फिर से," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग ती रडली, ताई, आणि मला म्हणाली, "तुमने बताया क्यों नहीं?" मी कारणं सांगत बसले नाही. चुकले, म्हटलं. ती बराच वेळ माझ्यावर बोलली. मोठ्याने बोलली. मी ऐकलं, लिहिलं नाही.

शेवटी जरा शांत झाल्यावर तिने विचारलं, "और मैंने जो बोला था? उस दिन, जब तुम अस्पताल की सीढ़ियों पर थीं? वो आई को बताया था?"

तेही वहीत होतं, पुढच्याच पानावर. बंगळुरूचा विषय पुन्हा निघेल, तुम्ही भडकाल, म्हणून मी तुमच्याजवळ येऊन एवढंच म्हटलं होतं, की ती सध्या तिकडे अडकली आहे. तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि कुशीवर वळलात.

"नाही सांगितलं," मी म्हटलं.

"तो अब बता दो, मावशी."

मावशी म्हणाली, ताई. म्हणून सांगते. वही समोर आहे, तिचेच शब्द आहेत, त्या दिवशी दुपारचे:

"आई को बोलो, मैं लेने नहीं आ रही, वहाँ चलने की बात भी नहीं निकालूँगी. बस दो दिन पास बैठना है. पूछो ना उनसे, बैठने देंगी क्या?"